एकच नट, दोन भाऊ: पोन्नर-शंकर पडद्यावर उभे करताना

तामिळनाडूच्या कोंगु पट्ट्यात, म्हणजे कोइंबतूर, ईरोड, करूर, नामक्कल या भागात, पोन्नर आणि शंकर हे दोन भाऊ अजून देव आहेत. तिरुचिरापल्ली जिल्ह्यात मणप्पारैजवळ वीरप्पूर नावाचं गाव आहे. तिथे मासी महिन्यात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यांची जत्रा भरते. लोक त्यांना नावाने फार हाक मारत नाहीत, ‘अण्णनमार’ म्हणतात. अण्णनमार म्हणजे थोरले भाऊ. कुणाचे, तर तंगाळचे, त्यांच्या धाकट्या बहिणीचे. देवांचं नावच बहिणीच्या तोंडून आलेलं आहे.

या कथेवरच्या आमच्या चित्रपटाच्या पटकथेच्या पहिल्या बैठकीत आम्ही हे फळ्यावर लिहिलं आणि शेवटपर्यंत पुसलं नाही. दोघे भाऊ लांबून, धुळीतून, पाठमोरे दिसले तरी बहिणीला जसे ओळखू येतील तसे प्रेक्षकाला ओळखू आले पाहिजेत. कपडे, घोडे, शस्त्रं, कॅमेरा, आवाज, सगळ्याचे निर्णय या एका वाक्यावर तपासले.

कथेला एक ठरलेली संहिता नाही. ती उडुक्कैवर, म्हणजे डमरूसारख्या हातवाद्यावर, रात्र-रात्र गायली जाते, आणि गायक बदलला की तपशील बदलतो. कणा मात्र कायम राहतो. कुन्नुडैयान आणि तामरै यांना उशिरा झालेली मुलं, वळनाडूची शेती, जंगलातल्या वेट्टुवर शिकाऱ्यांशी वैर, कोंबन नावाचा अवाढव्य रानडुक्कर, सांबन हा ढोल वाजवणारा सोबती, ‘पोन्नाची’ नावाची छोटी कुत्री, आणि शेवटी ‘पडुकळम’, म्हणजे जिथे वीर पडले ते रण. अशा कथेवर काम करताना वेगवेगळी गायनं ऐकून प्रसंगांचा तक्ता करावा. जो प्रसंग सगळ्या गायकांकडे येतो तो गाळायचा नाही, आणि जो एकाकडेच येतो तो घ्यायचा असेल तर कारण लिहून ठेवायचं. हे कागद पुढे निर्मात्याला, वकिलाला आणि सेन्सॉरच्या वेळीही उपयोगी पडतात.

इथे एक गोष्ट फार जपावी लागते. वेट्टुव गौंडर हा समाज आजही त्याच भागात राहतो. वैऱ्याच्या बाजूला उभी केलेली माणसं ज्यांना आपली वाटतात, ते त्याच थिएटरात तिकीट काढून बसलेले असतात. म्हणून वैराचं कारण दिसलं पाहिजे. नांगर पुढे सरकतो तसं जंगल मागे हटतं आणि शिकाऱ्याच्या पोटावर पाय येतो, हे आम्ही संवादांत न मांडता तीन दृश्यांत ठेवलं. सांबनचंही तसंच. दलित सोबत्याला विनोदी पात्र करायची पडद्याची जुनी खोड आहे, आणि या कथेत ती केली तर कथाच मोडते. रणात भावांच्या मागे मरणारा तोच आहे.

आता मुख्य अडचण. जुळ्या भावांसाठी एकच नट घ्यायचा की दोन? दोन घेतले तर चित्रीकरणाचे दिवस बरेच कमी होतात. पण तामिळ प्रेक्षकाला दुहेरी भूमिकेचं आकर्षण आहे आणि निर्मात्यालाही, त्यामुळे एकच नट ठरला. हा निर्णय झाल्या झाल्या एक काम करावं: पूर्ण पटकथेत दोघांचे चेहरे एकाच चौकटीत खरोखर किती वेळा लागतात ते मोजावं. आमच्या पहिल्या मोजणीत 214 शॉट निघाले. दिग्दर्शक आणि संकलक शेजारी बसवून प्रत्येक शॉटला ‘इथे एकाची पाठ चालेल का’ असं विचारलं, तेव्हा 88 उरले. बाकीच्यांत बदली नट पाठमोरा उभा राहतो आणि काम होतं. बदली नट निवडताना चेहऱ्याकडे बघू नये. मान, कान, खांद्यांचा उतार आणि केस कुठून सुरू होतात हे बघावं, कारण पाठमोऱ्या शॉटमध्ये हेच दिसतं. कान वेगळे असले की मेकअपवाला काही करू शकत नाही.

त्या 88 शॉटची पद्धत अशी. कॅमेरा तिवईवर पक्का करायचा, तिवईचे पाय खाली फळीला जखडायचे आणि वर वाळूच्या पिशव्या टाकायच्या. फोकस, ॲपर्चर, रंगतापमान यांना टेप लावून कुणी हात लावायचा नाही. आधी एका भावाचा भाग घ्यायचा, मग दुसऱ्याचा, मग दोघेही नसलेली रिकामी चौकट. नंतर संगणकावर मधून शिवण घालायची. ही शिवण कुठून जाणार हे सेट बांधतानाच ठरतं. खांब, दाराची चौकट, जाड बुंधा अशा न हलणाऱ्या कडेवरून ती गेली तर दिसत नाही. पानांवरून, पडद्यावरून किंवा धुरातून गेली तर लगेच उघडी पडते, कारण धूर दोनदा सारखा उठत नाही. अशा शॉटमध्ये सेटवर धूर सोडायचाच नाही, तो नंतर घालायचा.

सर्वांत जास्त फसगत सूर्य करतो. एका भावाचा वेश उतरवून दुसऱ्याचा चढवायला, विग बदलायला, मिशी लावायला सुरुवातीला 40 मिनिटं लागत होती. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे 40 मिनिटांत 10 अंश. सकाळी आठला घेतलेल्या पोन्नरची सावली आणि पावणेनऊच्या शंकरची सावली डोळ्यांना जुळत नाही. सामान्य प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण दृश्य खोटं वाटतं. उपाय दोन. पहिला, वरून 20 बाय 20 फुटांचं रेशमी कापड ताणून ऊन पसरट करायचं. दुसरा, वेशच असा शिवायचा की आतलं धोतर आणि कमरबंद दोघांचे एकच राहतील, आणि वरचा भाग पाठीमागून वेल्क्रोने एका झटक्यात निघेल. दुसऱ्या उपायाने बदल 18 मिनिटांवर आला. बाहेरची बहुतेक जुळी दृश्यं या दोन्ही उपायांवरच निभावली.

आधी कोणता भाऊ घ्यायचा? जो दृश्य चालवतो तो आधी. त्याची लय ठरली की दुसऱ्या भावाच्या वेळी पहिल्याचे संवाद नटाच्या कानातल्या छोट्या स्पीकरवर वाजवायचे, आणि बदली नटाने पहिल्याच्या जागी उभं राहून हालचालही करायची. नुसत्या काठीवर टेनिसचा चेंडू लावून नजर दिली तर डोळे एका जागी थिजतात. खरं माणूस बोलताना हलतं, म्हणून नजरही हलली पाहिजे. दोघांची उंची अर्थातच सारखी. आम्ही शंकरच्या पायताणात दीड इंचाची गादी घातली. तेवढ्यानेही पोन्नरला किंचित वर बघावं लागतं आणि शंकरची चाल पुढे झुकते.

स्वभावही चालीतच ठेवला. पोन्नर शांत, शेतात रमणारा, तोलून बोलणारा. शंकर तापट, तलवारीकडे आधी हात जाणारा. पोन्नरची टाच आधी टेकते, शंकरचा चवडा. पोन्नर उपरणं डाव्या खांद्यावर घेतो, शंकर ते कमरेला गुंडाळतो. मिशीचा आकार बदलणं हा सोपा मार्ग आहे आणि तो वाईट आहे, कारण 30 फुटांवरून मिशी दिसत नाही. उपरणं दिसतं.

कॅमेरा फिरवायचाच असेल तर यंत्राने तीच हालचाल पुन्हा-पुन्हा करणारी मोशन कंट्रोलची रिग लागते. ती भाड्याने मिळते, पण उभी करायला अर्धा दिवस जातो आणि रुळांचा आवाज असा येतो की सगळे संवाद नंतर स्टुडिओतच घ्यावे लागतात. आम्ही ती दोनच दिवस घेतली आणि अकरा शॉट त्यात बसवले. ही रिग आठवडाभर ठेवली की दिग्दर्शकाला प्रत्येक शॉट फिरता हवासा वाटू लागतो.

काळाचा प्रश्न वेगळाच. लोककथेला सन नसतो, कलाविभागाला तो लागतो. आम्ही नडुकल बघितले. मराठी वाचकाला हे ओळखीचं आहे, आपल्याकडचे वीरगळ तेच. लढताना पडलेल्या माणसाचा दगड. तिरुवण्णामलै जिल्ह्यात चेंगमच्या आसपास आणि कृष्णगिरीकडे असे दगड पुष्कळ आहेत. त्यांवर वीर कसा दिसतो? बहुधा उघड्या अंगाचा, केसांचा बुचडा, कमरेला घट्ट कसलेलं वस्त्र, एका हातात धनुष्य किंवा ढाल, दुसऱ्यात आखूड तलवार. छातीवर पितळी पत्र्याचं चिलखत आणि खांद्यावर सिंहाचं तोंड ही सिनेमाची सवय आहे, ती या मातीतली नाही. उघड्या अंगाने नट ‘राजा’ वाटत नाही, अशी भीती निर्मात्यांना असते. ती रास्त आहे, म्हणून चामड्याचा छातीपट्टा आणि मनगटाचे पट्टे एवढ्यावर तडजोड झाली. तेवढी ठीक आहे.

चित्रीकरणाची जागा शोधताना कोंगु पट्ट्यात तीन गोष्टी नडतात. क्षितिजावर पवनचक्क्या, विजेच्या तारा, आणि वेडी बाभूळ. पालघाटच्या खिंडीतून जूनपासून ऑगस्टपर्यंत जोराचा वारा येतो, म्हणूनच पल्लडम-उडुमलपेट भागात पवनचक्क्या आहेत. त्या संगणकावर पुसता येतात. पण त्याच वाऱ्याने विग उडतात, धूर टिकत नाही आणि झेंडे इतके फडफडतात की आवाजात संवाद बुडतात. आम्ही या दिवसांत तिथे फक्त कोंबनचे शेतातले शॉट घेतले, कारण पिकाला वारा हवाच होता.

वनस्पतींकडे कुणी लक्ष देत नाही, द्यायला हवं. वेडी बाभूळ ही एकोणिसाव्या शतकात आणलेली. मका, मिरची, टोमॅटो, टॅपिओका, काजू, निवडुंगाचे फड, झेंडू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीजांच्या आधीच्या चौकटीत एकही बसत नाही. झेंडू काढला की सजावटवाले गडबडतात, कारण त्यांचं निम्मं काम झेंडूवर चालतं. त्याऐवजी कण्हेर, मोगरा, कमळ, तुळस आणि आंब्याचे टाळे घ्यावेत. कण्हेर विषारी आहे, घोड्याच्या गळ्यात तिची माळ चुकूनही घालू नये.

कापडाचं गणित सरळ होतं. पुढच्या रांगांतली 400 माणसं, प्रत्येकी चार मीटर, म्हणजे 1,600 मीटर कोरं सुती कापड. ईरोडच्या बाजारात ते सहज मिळतं. घेताना ‘कोरं, न धुतलेलं’ असंच मागावं. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र धोतरात चकाकीसाठी रसायन घातलेलं असतं. उन्हात त्याला निळसर झाक येते आणि कॅमेऱ्यात ते चादरीसारखं दिसतं. कोरं कापड हिरड्याच्या पाण्यात उकळलं की हलका पिवळट, मळकट रंग चढतो. कापडाच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के हिरडापूड लागते. काळपट हवं असेल तर लोहपाणी करायचं: गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात 15-20 दिवस ठेवायचा, आणि हिरडा दिलेलं कापड त्यात बुडवायचं. लोहपाणी जास्त झालं तर सूत कमजोर पडतं आणि लढाईच्या पहिल्याच दिवशी धोतरं गुडघ्यात फाटतात. आमची पहिली साठ धोतरं अशी गेली. बुडवून लगेच काढायचं, दोनदा धुवायचं, हवं तर पुन्हा बुडवायचं. एकदम काळं करायला जाऊ नये.

शस्त्रं चार दर्जांची करावी लागतात. नटाच्या हातात जवळून दिसणारी पोलादी, धार न लावलेली, पात्याची कड दोन मिलिमीटर जाड. एकमेकांवर आपटायची ॲल्युमिनियमची. मागच्या रांगांसाठी फायबरची. आणि पडायच्या, अंगावर घ्यायच्या शॉटसाठी बांबूचा गाभा घातलेली रबरी. आमचा हिशेब 30, 40, 120 आणि 200 असा होता. पाचवा प्रकार म्हणजे फक्त सहा इंच पातं असलेली मूठ. भोसकण्याच्या शॉटमध्ये ती वापरायची, उरलेलं पातं संगणकावर जोडायचं.

फायबरची तलवार करताना चुका कुठे होतात ते नीट सांगतो, कारण हे काम घाईत आणि कमी मजुरीत उरकलं जातं. मातीचा नमुना, त्यावर सिलिकॉनचा साचा, साच्यात जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराचा, हात, तो बोटाला चिकटेनासा झाला की चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या काचतंतूंच्या मॅटचे दोन थर रेझिनमध्ये भिजवून, आणि मध्ये सहा मिलिमीटरची सळई. रेझिनच्या किलोला साधारण 10 ते 15 मिली हार्डनर लागतो. पण एप्रिल-मे मध्ये, 38 अंशांत, तेवढं घातलं तर दहा मिनिटांच्या आत डबा गोठतो आणि गरम होऊन तडकतो. तेव्हा 8 ते 10 मिलीवर यायचं आणि पहाटे काम करायचं. पावसाळ्यात उलट होतं, दमट हवेने वरचा थर चिकट राहतो. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव्य, आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मग हार्डनर. ही दोन्ही द्रव्यं एकमेकांत थेट कधीही घालायची नाहीत, भडका उडतो. दोघांचे डबे वेगळ्या खोलीत ठेवावेत.

फायबर फायबरवर आपटलं की कुसळं उडतात, डोळ्यांत जातात. म्हणून मागच्या रांगांना ‘हवेत मारायचं, भिडवायचं नाही’ अशी सक्त सूचना. रोज संध्याकाळी प्रत्येक तलवार दोन्ही हातांनी वाकवून बघायची, कटकट आवाज आला तर बाजूला. रंग देताना चंदेरी रंग वापरू नका. चंदेरी तलवार नाटकाची दिसते. आधी मॅट काळा द्यायचा, वाळल्यावर ग्रॅफाइटची पूड कापडाने घासायची, कडेला जास्त, मधे कमी. लोखंड तयार होतं.

कोंबनसाठी खरा रानडुक्कर वापरण्याचा प्रश्नच नव्हता, तो वन्यजीव कायद्याखाली येतो. तो संपूर्ण संगणकावर झाला. खरा नर खांद्याशी साधारण तीन फूट असतो, आमचा साडेपाच फूट केला. आकार वाढवला की पाय त्याच वेगाने हलवून चालत नाही. मोठं जनावर सावकाश पाऊल टाकतं, नाहीतर ते रबरी खेळणं वाटतं. पहिल्या चाचणीत नेमकं तेच झालं होतं.

पण संगणकापेक्षा जास्त मेहनत शेतात लागते. ज्वारीचं पीक साडेतीन महिने आधी पेरावं लागतं, आणि एकदा तुडवलं की संपलं, दुसरा टेक नाही. आम्ही दोन एकर पेरून त्याचे सहा पट्टे केले. प्रत्येक शॉटला एक पट्टा. डुक्कर पिकातून धावतं तेव्हा ताटं आडवी व्हायला हवीत, म्हणून बुंध्यांना मासेमारीची नायलॉन दोरी बांधून एकेक गठ्ठा क्रमाने ओढला. मातीचा फवारा उडवायला जमिनीत पाइप पुरून काँप्रेसरची हवा सोडली. पाइपावर चाळलेली कोरडी मातीच टाकायची, कारण एक खडा राहिला तरी तो गोळीसारखा सुटतो. नटासमोर डुकराच्या उंचीचं फोमचं डोकं ढकलगाडीवर फिरवलं, त्याशिवाय नजर जुळत नाही. प्रत्येक जागी राखाडी आणि चकचकीत गोळ्याचे फोटो आणि सगळीकडचा प्रकाश टिपणारे फोटो घ्यायचे. दिवस संपत आला की हे काम पहिलं गळतं, आणि सहा महिन्यांनी स्टुडिओतली मुलं अंदाजाने प्रकाश लावत बसतात.

घोडे, कुत्री खरी होती. त्यासाठी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधीच काढावी लागते. कुठला प्राणी, किती तास, काय करणार, पशुवैद्य कोण, सगळं लिहून. नंतर चित्रपट दाखवून ना हरकत मिळाली की मगच सेन्सॉरकडे जाता येतं. दोरी लावून घोडा पाडणं वर्ज्य आहे आणि ते असायलाच हवं. पडणारा घोडा आम्ही फोमचा केला, रुळावरून घसरणारा. आठ खरे घोडे घेतले. पोन्नरचा करडा-पांढरा, शंकरचा गडद तांबडा, अंतरावरून भाऊ ओळखायचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग. घोडा आवाजापेक्षा चकाकणाऱ्या रिफ्लेक्टरला जास्त बुजतो. दोन आठवडे आधी त्यांना ढोल, छत्र्या, रिफ्लेक्टर आणि ड्रोन यांची सवय लावली, रोज थोडी. रिकिबी त्या काळी होत्या की नव्हत्या यावर वाद घालण्यापेक्षा त्या ठेवाव्यात आणि खोगिराच्याच रंगाच्या कापडाने झाकाव्यात. नट पडला तर काळाची शुद्धता कामाला येत नाही.

रणाच्या दृश्यात दिशा पाळणं हेच अर्धं काम. वळनाडूची फौज नेहमी डावीकडून उजवीकडे, रंग मातकट पांढरा. वेट्टुवर उजवीकडून डावीकडे, रंग चामड्याचा आणि रानाचा. एकदा सहायकाने चुकून कॅमेरा दोन फौजांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपलीकडे लावला आणि तीन तासांचं काम टाकावं लागलं, कारण संकलनात आपलीच माणसं आपल्यांवर धावताना दिसत होती. 160 माणसं पाच वेळा जागा बदलून घेतली की 800 होतात. प्रत्येक वेळी ढाली आणि फेटे अदलाबदल करायचे. उंच, जाड, टक्कल असलेली ओळखू येणारी माणसं एकाच फेरीत ठेवायची. त्यामागचे हजार संगणकावर. कॅमेऱ्याचं शटर 180 अंशांवरून 90 वर आणलं, म्हणजे प्रत्येक चौकटीला उजेड निम्माच वेळ दिला, की धुळीचा कण न कण सुटा दिसतो. पण ते फक्त शंकर लढतो तेव्हा. पोन्नरच्या लढाईत 180च ठेवलं, हालचाल मऊ राहते. हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण दोन भाऊ दोन जाणवतात.

धुळीसाठी चाळलेली मुलतानी माती, सिमेंट किंवा चुना कधीच नाही. माणशी पाच लिटर पाणी, मीठ-साखरेचं पाणी वेगळं, 11 ते 3 गर्दीचे शॉट बंद. गर्दीतली माणसं चक्कर येऊन पडतात ती शॉटमध्ये नाही, शॉट संपल्यावर रांगेत उभी असताना. सावलीचा मांडव कॅमेऱ्यापासून 50 पावलांच्या आत हवा, लांब असेल तर कुणी जात नाही.

शेवटी पडुकळम. वीरप्पूरकडच्या परंपरेत पडलेल्या वीरांच्या जागी माणसं पांढऱ्या कापडाखाली निजवतात आणि पाणी शिंपडून त्यांना उठवतात. कथेत तंगाळ रणात भावांना शोधत येते, पाण्याने त्यांना क्षणभर जागं करते, बोलते, आणि ते पुन्हा जातात. एक चौकट, त्यात दोन्ही चेहरे, मधे बहीण, आणि तिचा हात एका कपाळावरून दुसऱ्या कपाळावर जातो. शिवण घालायला स्थिर कड कुठेच नाही. म्हणून बदली नटाला निजवून त्याचा चेहरा नंतर बदलला. सबंध चित्रपटातला चेहरा बदललेला हा सर्वांत लांब शॉट, 47 सेकंदांचा.

मेलेल्या माणसाचा श्वास कापडावर दिसतो. श्वास रोखून 47 सेकंद पडून राहता येतं, पण गळ्याची शीर उडते. म्हणून छातीवर तीन मिलिमीटर प्लायची वाकवलेली पट्टी ठेवून वर कापड घातलं आणि गळ्याशी तंगाळचा पदर पडेल अशी तिची जागा ठरवली. पाणी कोमट ठेवलं, कारण गार पाण्याने पापणी हलते. चेहऱ्याचा भाग दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात घ्यायचा होता आणि हात त्याच क्षणी कपाळावर यायला हवा होता. घड्याळ वापरून बघितलं, जमलं नाही. मग पहिल्या दिवशी सेटवर वाजलेल्या उडुक्कैचं ध्वनिमुद्रण लावलं. उडुक्कैची कंबर दाबली की सूर चढतो. सूर नवव्यांदा चढला की तंगाळचा हात पोन्नरवरून उचलायचा, अकराव्याला शंकरवर टेकायचा. दुसऱ्या दिवशी चौथ्या टेकला दोन्ही दिवसांचे हात एकमेकांवर बसले.